उरलेले नऊ मीटर: थांबलेल्या सुपरहिरो मालिकेची भुसावळात झालेली नवी मांडणी

प्रकरण असं आहे. भुसावळ-जळगाव पट्ट्यातल्या पाच चाहत्यांनी मिळून एका अर्धवट थांबलेल्या सुपरहिरो मालिकेची पहिल्यापासून नवी मांडणी करायला घेतली. पाचांत एक जण रेल्वेतला, एक कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी, एक लग्नांचं शूटिंग करणारा आणि दोघं विद्यार्थी. मालिका म्हणजे 'द अमेझिंग स्पायडर-मॅन'चे 2012 आणि 2014 सालचे दोन भाग. दिग्दर्शक मार्क वेब, नायक अँड्र्यू गारफिल्ड, नायिका ग्वेनच्या भूमिकेत एमा स्टोन. दुसऱ्या भागाच्या शेवटी ग्वेन मरते आणि मालिका तिथेच संपते. पुढचे भाग जाहीर झाले होते, पण बनले नाहीत. 2015 च्या फेब्रुवारीत स्टुडिओंचा नवा करार झाला आणि 2016 मध्ये नवा नट त्याच पोशाखात दुसऱ्याच मालिकेत आला. ज्या मृत्यूसाठी प्रेक्षकांनी दोन सिनेमे जीव लावला, त्याचं पुढे काय झालं हे त्या मालिकेने सांगितलंच नाही.

गटाने कामाला एकच प्रश्न ठेवला: नायिकेचा मृत्यू ठेवायचाच असेल, तर तो कुठे ठेवायचा आणि कशामुळे घडवायचा? पोशाख, खलनायक, शहर ही सगळी कामं त्यानंतरची. हा क्रम योग्य होता असं आमचं मत आहे. चाहत्यांच्या बहुतेक मांडण्या "खलनायक कोण" इथून सुरू होतात आणि तिथेच अडकतात.

मूळ मृत्यूची तपासणी

सिनेमातला मृत्यू त्याच नावाच्या कॉमिकमधून आला आहे. जून 1973 चा 121 वा अंक, लेखक गेरी कॉनवे, रेखाटन गिल केन. ग्रीन गॉब्लिन हा खलनायक बेशुद्ध ग्वेनला पुलावरून ढकलतो. मजकुरात पूल जॉर्ज वॉशिंग्टन आहे, चित्रात मात्र ब्रुकलिन. नायक जाळं टाकून तिला पकडतो. तिच्या मानेपाशी एक लहानसा आवाजदर्शक शब्द छापलेला आहे. त्या एका शब्दावरून वाचक वर्षानुवर्षं भांडले: पडल्यामुळे मेली की पकडल्यामुळे? 125 व्या अंकाच्या पत्रव्यवहारात संपादकांनी उत्तर दिलं की अचानक थांबल्यामुळे मानेला बसलेल्या हिसक्याने ती गेली. म्हणजे नायकाने तिला वाचवलं आणि त्या वाचवण्यातच ती मेली.

या शोकांतिकेचा खरा गाभा तिथे आहे, आणि 2014 च्या सिनेमात तो पातळ झाला. तिथे ती घड्याळाच्या मनोऱ्यात खोल पडते, धागा तिच्यापर्यंत पोचतो पण जमिनीपाशी, अगदी शेवटच्या क्षणी. प्रेक्षकाला वाटतं, उशीर झाला. उशीर होणं दुःखद असतंच, पण त्यात नायकाच्या शक्तीचा दोष उरत नाही, फक्त नशीब उरतं. पुढचा तिसरा सिनेमा उभा करायला नशीब पुरत नाही.

सिनेमात एक गोष्ट मात्र कॉमिकपेक्षा कितीतरी चांगली आहे. तिथली ग्वेन बेशुद्ध नाही. ती स्वतः ठरवून वीजकेंद्रात येते, यंत्रणा पुन्हा सुरू करते, तिच्याविना लढाई जिंकताच आली नसती. शिवाय ती ऑक्सफर्डला निघाली आहे, म्हणजे तिचं स्वतःचं काही अर्धं राहतं. ही बाजू गटाने जशीच्या तशी उचलायची ठरवलं: हिसका कॉमिकमधला, नायिका सिनेमातली.

पहिला खर्डा आणि कार्डांची मोजणी

पहिल्या खर्ड्यात पहिल्या भागाची 64 दृश्यं होती, प्रत्येकाचं एक कार्ड. नायिका मरत होती 60 व्या कार्डावर, पहिल्याच भागाच्या शेवटी. वाचन झालं तेव्हा ऐकणारे मृत्यूपाशी गप्प बसले नाहीत, घड्याळाकडे बघू लागले. गटाने कारण शोधायला एक साधी रीत वापरली आणि ती कोणालाही वापरता येईल. कार्डांवर तीन रंगांचे ठिपके द्यायचे: नायिका दृश्यात आहे का, ती नायकाशिवाय आहे का, आणि त्या दृश्यात तिला स्वतःला काही हवं आहे का.

पहिला ठिपका 15 कार्डांवर निघाला, दुसरा 2 कार्डांवर, तिसरा एकाही कार्डावर नाही. मृत्यू का लागला नाही हे तिथेच कळलं. जिला काही नकोच होतं, तिचं काय हिरावलं जाणार?

या दोषाला कॉमिक वाचणाऱ्यांत नाव आहे. 1994 मध्ये 'ग्रीन लँटर्न'च्या 54 व्या अंकात नायकाला त्याच्या प्रेयसीचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं. लेखिका गेल सिमोन यांनी 1999 मध्ये अशा नायिकांची यादीच केली, ज्या केवळ नायकाला राग यावा म्हणून मारल्या गेल्या. तेव्हापासून फ्रिज हा शब्द या चुकीसाठी चालतो. गटाने तपासणीचा नियम असा केला: मृत्यूचं कार्ड बाजूला काढा आणि बघा की नायिकेची गोष्ट तरीही पुढे जाऊ शकते का. जाऊ शकत असेल तरच तिचा मृत्यू खरा तोटा ठरतो. गोष्ट तिथेच संपत असेल, तर ती आधीपासून फ्रिजमध्येच होती.

दुसऱ्या खर्ड्यात नायिकेला नोकरी मिळाली. ती सहायक लोको पायलट आहे, भुसावळच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेतून शिकून निघालेली, आणि तिला लोको पायलट, म्हणजे मुख्य इंजिनचालक, व्हायचंय. तिसऱ्या रंगाचे ठिपके 17 झाले. आणि या नोकरीने अनपेक्षितपणे नायकाची शक्तीच बदलून टाकली.

शक्ती: थांबवणं

जाळं टाकणारा नायक ठेवायचा नाही हे आधीच ठरलं होतं. कायद्याचा भाग त्यात आहेच, तो पुढे येईल. शक्ती कोणती, यावर मात्र दोन आठवडे गेले. उडणं, आग, वीज अशा शक्ती एकेक करून बाद झाल्या, कारण त्यांच्यातून हिसका निघत नव्हता. शक्ती अशी हवी की जी वाचवते तीच मारू शकेल, आणि दोन्ही वेळा क्रिया तीच असेल.

रेल्वेतल्या सदस्याने रोजच्या कामातली गोष्ट सांगितली: गाडी चालवणं सोपं, थांबवणं अवघड. कोळशाच्या गाडीला 58 डबे असतात. जुन्या धाटणीचा एक भरलेला डबा सुमारे 81 टनांचा, म्हणजे सगळी गाडी 4,700 टनांच्या आसपास. तिला थांबायला अंतर लागतं, आणि अंतर कमी केलं की हिसका वाढतो. डब्यांच्या जोडण्यांमध्ये थोडी थोडी ढिलाई असते. पुढून एकदम अडवलं तर ती ढिलाई एकेका जोडणीत आदळत मागे जाते, आणि मागच्या डब्यावरच्या माणसाला पुढच्यापेक्षा जास्त झटका बसतो.

मग नायकाची शक्ती ठरली. नजरेच्या टप्प्यातली कुठलीही चालती वस्तू तो थांबवू शकतो, एका वेळी एकच. किती अंतरात थांबवायची हे त्याच्या हातात आहे, पण घाबरला की ते अंतर आपोआप कमी होतं. एवढंच. शक्तीला तिसरा नियम जोडायचा नाही, असं गटाने लिहून ठेवलं. नियम वाढले की शेवटी कुठला तरी नियम नायकाला सोडवायला येतो.

झोका, माठ, पूल

मृत्यूचा झटका प्रेक्षकाला कळायचा असेल, तर त्याने तो आधी दोनदा पाहिलेला असायला हवा. एकदा निरुपद्रवी, एकदा शिकवणीत, मग तिसऱ्यांदा खरा. तिन्ही जागा बांधण्यात गटाने सगळ्यात जास्त वेळ घातला, आणि मांडणीचा सगळ्यात चांगला भागही हाच आहे.

पहिली जागा आखाजी. खान्देशात अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, कडुनिंबाला झोके बांधले जातात. नायिका झोक्यावर आहे, नायक गंमत म्हणून झोका हवेतच थांबवतो. तिची मान पुढे हिसकते. ती उतरते, मान धरते आणि त्याला चांगलंच सुनावते. पदार्थविज्ञानवाल्या सदस्याने आकडे काढले. दोर सहा मीटर, झोका तीस अंशांपर्यंत वर गेलेला, म्हणजे तळाशी वेग सेकंदाला सुमारे चार मीटर, ताशी 14 किलोमीटर. तो वीस सेंटिमीटरमध्ये थांबवला तर शरीरावर गुरुत्वाच्या चौपट मंदन (वेग कमी होण्याचा दर) येतं. मान दुखायला तेवढं बास, मोडायला नाही. पहिल्या खर्ड्यात झोका साठ अंशांवर होता आणि थांबण्याचं अंतर दहा सेंटिमीटर. हिशेब केला तर मंदन तीसपट निघालं, म्हणजे नायिका आखाजीलाच गंभीर जखमी होत होती. अशा चुका आकडे मांडल्याशिवाय दिसत नाहीत.

दुसरी जागा माठ. हातगाडीवर काठोकाठ भरलेला माठ, उतारावरून सोडलेली गाडी, आणि नायकाने ती पाणी न सांडता थांबवायची. शिकवणारी ती, कारण ब्रेक पायरीपायरीने लावायचा हे तिचं रोजचं काम. पहिला माठ फुटतो, दुसरा अर्धा सांडतो, तिसरा फुटतो, चौथ्याला ओंजळभर पाणी जातं. चौथ्या माठापाशी दोघांतलं प्रेम प्रेक्षकाला शब्दांवाचून कळतं, म्हणून त्या दृश्यात प्रेमाचा एकही संवाद ठेवलेला नाही. तिचं एकच वाक्य आहे: "हयू थांब, हयू."

बोलीबद्दल इथेच. नायक भुसावळ-यावलकडचा, त्यामुळे लेवा बोली बोलतो. नायिका शिरपूरकडची, अहिराणी बोलणारी. दोन्हीकडे 'ळ'चा 'य' होतो, केळ्याचं नाव दोन्ही बोलींत प्रमाण मराठीपेक्षा वेगळं, पण क्रियापदांची वळणं निराळी. बाहेरचे लोक सगळ्या खान्देशाला अहिराणी लावून मोकळे होतात. गटाच्या पहिल्या खर्ड्यातही तेच झालं होतं आणि यावलच्या श्रोत्यांनी ते पहिल्याच पानावर पकडलं. दुसऱ्या खर्ड्यात दोघं एकमेकांचे शब्द दुरुस्त करतात. प्रेमकथेला यातून फुकटात दहा-बारा गोड जागा मिळाल्या. 'हयू', म्हणजे हळू, हा मात्र दोघांचा सामाईक शब्द, म्हणून तोच निवडला.

तिसरी जागा पूल. श्रावण, खान्देशातली देवी कानबाई हिच्या विसर्जनाचा सोमवार. सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळावर, इंजिन काढून उभी केलेली कोळशाची गाडी उताराने आपोआप निघते. कारण खरं आहे: इंजिन नसलेल्या गाडीच्या ब्रेक सिलिंडरमधली हवा तासातासाने गळत जाते आणि पकड सुटते, म्हणून हँडब्रेक आवळून चाकांखाली पाचरी घालाव्या लागतात. भंगारचोरांनी लोखंडी पाचरी उचलून नेल्या आहेत आणि हँडब्रेक पुरेसे आवळलेले नाहीत. खलनायकाचा संबंध एवढाच. त्याचा हात नायिकेला लागत नाही, आणि लागूही नये.

नायिका धावत्या डब्याची पायरी धरून चढते आणि एकेका डब्याचा हँडब्रेक फिरवत जाते. पहिल्या खर्ड्यात तिने साखळी ओढून गाडी थांबवायचा प्रयत्न केला होता. मालगाडीला साखळी नसते. दुसऱ्यात ती एअर ब्रेकचं हँडल शोधत होती, जे इंजिनात असतं. रेल्वेवाल्या सदस्याने दोन्ही खोडून हँडब्रेक लिहिला, आणि तिचं धाडस कष्टाचं झालं: हाताने, एकामागून एक, चाक फिरवत.

नायक पुढे रुळाशेजारी उभा आहे. ठरलंय ते असं: गाडी ताशी 30 किलोमीटरवर आहे, ती 300 मीटरमध्ये हळू थांबवायची, तोवर ही मागे ब्रेक आवळत राहील. तेवढ्यात डोक्यावर कानबाई घेतलेल्या बायका रूळ ओलांडायला लागतात. तो घाबरतो. 300 मीटरमध्ये थांबवायची गाडी 10 मीटरमध्ये थांबते. मंदन गुरुत्वाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच, कागदावर आकडा लहान दिसतो. पण पुलावर आलेल्या डब्याच्या पायरीवर ती एका हाताने लटकलेली आहे, दुसऱ्या हाताने चाक फिरवतेय, आणि जोडण्यांतली ढिलाई आदळत आदळत तिच्यापर्यंत येते. हात सुटतो.

पुलाची उंची वीस मीटर. पडायला दोन सेकंद. नायकाला एका वेळी एकच वस्तू धरता येते, त्यामुळे गाडी सोडून तिच्याकडे वळण्यात दीड सेकंद जातो. तोवर ती अकरा मीटर खाली आली आहे आणि वेग ताशी 53 किलोमीटर. तो तिला कमरेत धरतो आणि अर्ध्या मीटरमध्ये थांबवतो. गुरुत्वाच्या बावीसपट. कंबर थांबते, डोकं थांबत नाही.

तिच्या खाली अजून नऊ मीटर हवा शिल्लक होती. त्याच नऊ मीटरमध्ये हळू थांबवलं असतं तर मंदन गुरुत्वाच्या सव्वापटीच्या आसपास राहिलं असतं, आणि तिला स्वतःच्या दुपटीहून थोडं जास्त वजन जाणवलं असतं. चौथा माठ त्याने याहून नाजूकपणे थांबवला होता.

हा नऊ मीटरचा आकडा हाती येईपर्यंत गटाच्या मांडणीत नायकाला "वेळ पुरला नाही". आकडा आल्यावर गोष्ट बदलली. वेळ पुरला होता, जागाही पुरली होती, आणि तो तिनेच शिकवलेलं विसरला. उंची, वेग, अंतर हे तीन आकडे आधी ठरवून मग दृश्य लिहिणं का गरजेचं, याचा यापेक्षा चांगला दाखला आम्हाला ठाऊक नाही.

मृत्यू मध्यंतराला

आता मूळ प्रश्न: कुठे? पहिल्या भागाच्या शेवटी ठेवला तर ओळख पुरत नाही. दुसऱ्याच्या शेवटी ठेवला तर मूळ मालिकेची चूक पुन्हा होते. तिथे मृत्यूनंतर कबरीपाशी ऋतू पालटताना दिसतात, पाच महिने काही मिनिटांत सरतात आणि नायक पुन्हा लढायला उभा राहतो. एवढ्यात शोक मावत नाही.

गटाने मृत्यू दुसऱ्या भागाच्या मध्यंतराला ठेवला. आपल्याकडे सिनेमाला मध्यंतर असतं ही पटकथा लिहिणाऱ्याला मिळालेली मोठी सोय आहे आणि सुपरहिरो सिनेमाच्या चाहत्यांनी ती वापरायला हवी. दिवे लागतात, लोक बाहेर जातात, कोणी कोणाशी फार बोलत नाही, आणि परत येऊन बसतात तेव्हा समोर लढाई नसते, दारावर जमलेली माणसं असतात. पुढचा सव्वा तास पूर्ण शोकाचा. त्यात फक्त एक लढाई आहे आणि ती नायक हरतो.

उत्तरार्धातली सगळ्यात अवघड गाठ अशी की दोघांचं प्रेम कोणालाच ठाऊक नव्हतं. तो तिच्या दारावर जातो तेव्हा तो कोणीच नसतो. नातेवाईक पुढे, शेजारी मागे, आणि हा त्या दोघांच्याही मागे, चप्पल काढायच्या जागी. गंधमुक्तीच्या दिवशी पंगतीला बसवलं जातं तेव्हा तो ताटावरून उठतो आणि "कोणाचा पोरगा आहे" अशी कुजबुज होते. एका विद्यार्थी सदस्याने इथे मेजर रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांची आठवण काढली. अजिंठ्याची चित्रं उतरवायला आलेल्या गिलने 1856 मध्ये वारलेल्या पारोच्या थडग्यावर 'माझी' असं कोरून ठेवलं. तो स्वतः 1879 मध्ये वारला आणि त्याला भुसावळात पुरलं. गिलला निदान दगडावर तरी लिहिता आलं, आपल्या नायकाला तेही नाही. ही तुलना संवादात घालायचा मोह गटाने टाळला, ते बरं केलं. टिपणात असली म्हणजे पुरे.

मग शवविच्छेदनाचा अहवाल. पूल, पाणी, पूर, त्यामुळे गावात सगळे म्हणतात की ती पडून गेली. मृत्यूचं कारण मानेतला अस्थिभंग आहे आणि फुप्फुसात पाणी नाही, हे नायक अहवालात वाचतो. मग तो कागद उलटा करून वीस, अकरा आणि नऊ हे आकडे मांडतो. या दृश्याला पार्श्वसंगीत नाही, पेन्सिलीचा आवाज आहे. नायकाने शक्ती वापरणं सोडण्याचा निर्णय इथे होतो, लढाईत नाही.

हा निर्णय पुढे तिसऱ्या भागात कसा फिटतो, त्याचा आराखडा तयार आहे: एका घाटात ब्रेक निकामी झालेली गाडी, पूर्ण अंतर वापरून, भरल्या माठासारखी थांबवलेली. असं जुनं देणं फेडणारं दृश्य चालतं का, याची खात्री गटाला 2021 च्या 'स्पायडर-मॅन: नो वे होम' या सिनेमाने दिली होती. त्यात गारफिल्डचाच नायक पडणाऱ्या एका मुलीला झेल घेऊन वाचवतो, आणि सात वर्षांपूर्वीचं ऋण प्रेक्षक एका क्षणात ओळखतात. मात्र ते देणं दुसऱ्याच मालिकेत, काही मिनिटांत फिटलं. गटाला त्यासाठी अख्खा तिसरा भाग द्यायचा होता.

हक्क आणि नमुना चित्रण

भारतात कॉपीराइट कायदा 1957 चा. मूळ नायकाचं नाव, पोशाख, जाळं, संवाद यांतलं काही घेऊन सिनेमा बनवणं म्हणजे दुसऱ्याच्या कृतीचं रूपांतर, आणि त्याला परवानगी लागते. पैसे कमावत नाही म्हणून चालतं, हा चाहत्यांमधला समज चुकीचा आहे. दुसरीकडे, 1978 च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय किंवा कथानकाचा सांगाडा यांवर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं स्पष्टपणे वाटलं तर उल्लंघन. वाचवण्यातूनच मरण ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. कोळी, जाळं आणि लाल-निळा पोशाख मात्र आहे. म्हणून नायक, शक्ती, गावं सगळं स्वतःचं केलं.

नमुन्यासाठी आखाजीचं दृश्य निवडलं, पुलाचं नाही. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि रुळावर व्हिडिओ काढताना माणसं मरतात. पूल नमुन्यात फक्त आवाजातून येतो.

झोका थांबण्याचं चित्रण उलटं केलं. नटीला झोक्यावर स्थिर बसवायचं, मागून हलकेच झोका सुरू करायचा, आणि ते चित्रण उलट्या दिशेने चालवायचं. त्यामुळे चालता झोका थांबल्यासारखा दिसतो आणि मानेला प्रत्यक्षात काही होत नाही. पहिल्या प्रयत्नात ओढणी आणि मोकळे केस उलटे उडाले आणि फसवणूक उघडी पडली. दुसऱ्यात वेणी घातली, ओढणी कमरेला खोचली, मागच्या झाडाची हलणारी फांदी चौकटीबाहेर ठेवली. झोक्यावर माणूस बसवण्याआधी त्याच दोराला वाळूची पोती बांधून माणसाच्या तिप्पट वजनाने दहा-बारा झोके दिले. एक दोर फांदीवर घासून तुटायला आला होता, तो लगेच बदलला आणि घासणाऱ्या जागी गोणपाट गुंडाळलं.

हिसक्याच्या आवाजावर मात्र मतभेद झाले. कॉमिकमधल्या त्या लहान शब्दासारखा मानेचा आवाज द्यावा असं दोघांचं म्हणणं होतं. शेवटी आखाजीच्या दृश्यात झोका थांबताना फांदी जशी करकरते, तोच आवाज पुलाच्या दृश्यात वापरला. फांदी तिथे नसते. कानाला ते कळतं आणि पोटात गोळा येतो.

एक कार्ड राहिलं होतं, दुसऱ्या भागाचं शेवटचं. नायिकेच्या आईला खरं सांगायचं की नाही. तीन खर्ड्यांत तीन उत्तरं होती आणि तिन्ही संवादांनी जड झालेली. सध्याच्या कार्डावर संवाद नाही. पुढची आखाजी येते. आई नायकाला हाक मारून एवढंच म्हणते की भाऊ, निंबावरचा दोर तेवढा उतरवून दे. तो वर चढतो, गाठ सोडतो. दोर खाली टाकत नाही. दोन्ही हातांनी हळूहळू खाली सोडत राहतो, टोक जमिनीला टेकेपर्यंत.